छोट्या फायबर बोटीने देवबागहून निवतीला जायचंय, ॲपवर ‘लाट १ मीटर’ दाखवतंय, जाऊ का?

तुम्ही लिहिलंय की १८ फुटी फायबर आहे, मागे एक आऊटबोर्ड मशीन, चौघे जण, जानेवारीतल्या पौर्णिमेच्या रविवारी सकाळी नऊला मालवणजवळच्या देवबागहून निघून दक्षिणेला निवतीला मासे गरवायचे आणि चारपर्यंत परत. ॲपवर दिवसभर लाट १ मीटर आणि वारा १०-१२ नॉट दिसतोय. सरळ उत्तर देतो, जायला हरकत नाही पण ही वेळ चुकीची आहे, आणि त्यातही जाण्यापेक्षा परत येण्याची वेळ.

आधी त्या १ मीटरचं बघू. ॲपवर जो आकडा दिसतो तो सगळ्यात मोठ्या लाटेचा नसतो. समुद्रावर येणाऱ्या लाटांपैकी ज्या मोठ्या एक तृतीयांश असतात त्यांची ती सरासरी असते, म्हणजे १ मीटर लिहिलं असेल तर अधूनमधून दीड मीटरची आणि कधीतरी जवळपास दुप्पट उंचीची लाट येणार हे गृहीतच धरायचं. दुसरं म्हणजे नुसत्या उंचीवरून काहीच कळत नाही, तिच्या शेजारी सेकंदांचा आकडा असतो ना, दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं, तो बघा. लोक तो बघतच नाहीत. १ मीटरची लाट ५ सेकंदांची असेल तर खोल पाण्यात तिची लांबी साधारण ३९ मीटर भरते, हा जवळच्या वाऱ्याने उठवलेला खळबळाट, बोट आपटत राहते, कंबर दुखते, सगळे भिजतात. तीच १ मीटरची लाट १४ सेकंदांची असेल तर लांबी ३०० मीटरच्या वर जाते, बाहेर समुद्रात तुम्हाला ती जाणवणारसुद्धा नाही, बोट अलगद वर जाते खाली येते, आणि तुम्ही म्हणता वा काय मस्त समुद्र आहे. पण ही लांब लाट उथळ पाण्यात आली की खालून अडते, मागून येणारी तिच्यावर चढते, उंची वाढते आणि ती फुटते. आणि उथळ पाणी कुठे आहे, तर तुमच्या घरी येण्याच्या वाटेवर, कर्ली खाडीच्या मुखाशी.

अशा लांब लाटा पार दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांमधून निघून कित्येक दिवस प्रवास करत इथे येतात. एप्रिल-मेमध्ये तर वारा नाही, ढग नाही आणि किनाऱ्यावर मात्र लाटा चढलेल्या असं होतं. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा गुपचूप येणारा समुद्र. हिवाळ्यात वायव्येकडूनही येतात, इराणच्या आखाताकडे शमाल वारे जोरात सुटले की एक-दोन दिवसांनी त्याची हालचाल आपल्याकडे पोचते. त्यामुळे ‘आकाश निरभ्र आहे’ याचा समुद्राशी काही संबंध नाही.

आता वारा. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोजचं गणित बऱ्यापैकी ठरलेलं असतं. पहाटे मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा, तेव्हा किनाऱ्याजवळ पाणी तेलासारखं. साडेनऊ-दहाला तो पडतो, थोडा वेळ काहीच नसतं, आणि मग अकरा-बारापासून समुद्रावरून खारा वारा यायला लागतो, वायव्येचा, आणि दोन ते चारच्या दरम्यान तो सगळ्यात जोरात असतो. ॲपचं मॉडेल मोठ्या चौकोनात हिशोब करतं, त्यातल्या त्यात बारीक म्हणतात त्या युरोपियन मॉडेलचाही चौकोन ९ किलोमीटरचा आहे, त्यामुळे किनाऱ्यालगतचा हा दुपारचा वारा त्यात बरेचदा कमी दिसतो. मी १०-१२ लिहिलेलं असेल तर मनात १५ धरतो आणि झोत वेगळे. समुद्रावर जागोजागी पांढरा फेस दिसायला लागला म्हणजे वारा १० नॉटच्या पुढे गेला, हे डोळ्यांनी कळतं, त्याला ॲप लागत नाही. आणि निवतीहून देवबागला परतताना तुम्ही उत्तरेकडे येणार म्हणजे हा वारा तोंडावर, जाताना जेवढं पेट्रोल लागलं त्याच्यापेक्षा येताना बरंच जास्त लागतं.

पण खरी गोम भरती-ओहोटीत आहे आणि ती तुम्ही प्रश्नात लिहिलीच नाहीये.

कोकणात जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला, पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच, सकाळीही आणि रात्रीही, आणि तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, छापील टेबल बघा ते अचूक, पण अंदाजाला हे उत्तम आहे आणि मोबाईलची रेंज गेली तरी चालतं.

आता तुमचा रविवार मांडा. पौर्णिमा, म्हणजे सव्वाअकराला भरती आणि सव्वापाचपर्यंत ओहोटी. ओहोटीतही पाणी सारख्या वेगाने जात नाही, मधल्या दोन तासांत जवळजवळ अर्धं पाणी निघून जातं, म्हणजे सव्वाएक ते सव्वातीन. त्यात पौर्णिमेचं उधाण, म्हणजे चढउतार जास्त, म्हणजे खाडीतून बाहेर पडणारं पाणी जास्त आणि वेगात. आणि नेमका त्याच वेळी खारा वारा जोरावर, लाटांना आत ढकलतोय. आतून बाहेर येणारा प्रवाह आणि बाहेरून आत येणारी लाट समोरासमोर आली की लाट आखूड आणि उभी होते, बाहेर १ मीटर असलेला समुद्र मुखाशी भिंतीसारखा उभा राहतो. चारला थोडा ओघ कमी झालेला असेल पण तेव्हा मुखाशी पाण्याखाली असलेल्या वाळूच्या पट्टीवर पाणीच कमी, म्हणजे फुटणार ते फुटणारच. तुम्ही आत येताना लाट मागून येते, मागचा भाग उचलते, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, खाली घुसते आणि बोट आडवी फिरते, पुढची लाट आली की उलटी. पोहता येणारेसुद्धा अशा वेळी अडचणीत येतात कारण प्रवाह त्यांना बाहेरच नेत असतो. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला वाटतं एवढ्याशा लाटेत कशी काय उलटली.

हेच अष्टमीच्या आसपास करून बघा. सकाळी सहाला भरती, सातला निघालात की ओहोटी सुरू झालेली आणि मतलई पण त्याच दिशेचा, बाहेर पडायला सोपं. बाराला पूर्ण ओहोटी, मग पाणी भरायला लागतं, तीन-चारला तुम्ही आत येताना प्रवाह वाऱ्याच्याच दिशेने आत, पट्टीवर पाणीही वाढलेलं, शिवाय भांग, म्हणजे उधाणाच्या उलट, चढउतार कमी, त्यामुळे ओढही कमी. तोच वारा, तीच लाट, तीच बोट. पौर्णिमाच धरायची असेल (रविवार आहे, सुट्टी आहे, समजू शकतो) तर उजाडताच निघा आणि साडेदहा-अकराच्या आत मुखातून आत या, चढतं पाणी असतानाच. मासे तसेही सकाळीच लागतात.

उशीर झालाच तर घाईने मुखात घुसू नका. बाहेर जिथे लाट फुटत नाही तिथे थांबा, पाच-दहा मिनिटं नुसतं बघा, लाटा गटाने येतात, मोठ्या तीन-चार झाल्या की जरा शांत होतं. पण उधाणाच्या ओहोटीत मी तेवढ्यावरही विश्वास ठेवणार नाही, पाणी भरायला लागेपर्यंत बाहेरच राहीन, म्हणून पेट्रोल भरपूर ठेवायचं. मालवण बंदरात जाऊ म्हणाल तर किल्ल्याभोवती पाण्याखालचे खडक आहेत, माहीतगार बरोबर नसेल तर तो विचार सोडा.

अंदाज कुठे बघायचा हे विचारलंय म्हणून सांगतो, हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था, ते बघा, लाटेची उंची, सेकंद, दिशा, लांबून येणारी लाट वेगळी, वारा, प्रवाह सगळं किनाऱ्याप्रमाणे मिळतं आणि फुकट आहे. त्यांनी २०२० मध्ये छोट्या बोटींसाठी वेगळी सूचना सुरू केली, ७ मीटर रुंदीपर्यंतच्या बोटींना उलटण्याचा धोका कुठे आहे ते सांगणारी, म्हणजे त्यात लाटेचा उभेपणाही धरतात, नुसती उंची नाही. त्याच्या जोडीला हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा. तो असेल तर चर्चा बंद, जायचं नाही. २००९ च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी बोटी बाहेर होत्या, आणि २०१७ च्या डिसेंबरात ओखी चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर नीट धडकलंही नाही तरी ३ तारखेच्या पौर्णिमेच्या उधाणाबरोबर पाणी वर चढलं. हिवाळा म्हणजे वादळ नाही असं समजू नका. पावसाळ्याबद्दल काही लिहीत नाही, मे अखेर ते ऑगस्ट अखेर तुमच्या बोटीने बाहेर जायचा प्रश्नच येत नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी जेटीवर जाऊन एखाद्या तांडेल काकांना, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य खलाशाला, विचारा, फुकटचा सल्ला म्हणून नाही तर मुखाची वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते आणि यंदा खोल वाट कुठून आहे हे कुठल्याही नकाशात नसतं. ते बघून नुसतं ‘आज दर्यो बरो नाय’ एवढंच म्हणाले तर कारण विचारत बसू नका.

लाइफ जॅकेट चौघांनाही, अंगात घातलेलं, सीटखाली कोंबलेलं नाही. मशीनची किल-कॉर्ड, म्हणजे चालवणारा पडला तर मशीन बंद करणारी दोरी, हाताला. कुठे चाललोय आणि किती वाजता येणार हे घरी कोणाला तरी सांगून ठेवा. मोबाईल वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, त्यात कोस्ट गार्डचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ सेव्ह करून. निवतीच्या पुढे समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांपर्यंत जायची हौस असेल तर ती या बोटीने आणि एका मशीनवर नको.