हवेत वाढलेला कार्बन डायऑक्साइड कोळसा-पेट्रोल जाळल्यामुळेच आहे हे कशावरून? ज्वालामुखी किंवा समुद्रातून आलेला नसेल का?

प्रश्न रास्त आहे, कारण नुसता सीओटू मोजून याचं उत्तर मिळतच नाही. हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञानं 1958 ला मोजायला सुरुवात केली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत 315 च्या आसपास होता, आता 420 च्या वर गेलाय, पण वाढलेला वायू कुठून आला ते काही त्याच्यावर लिहिलेलं नसतं ना.

बरेच जण इथे कार्बन-14 चं, म्हणजे हळूहळू क्षय होत जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बनचं, उदाहरण देतात आणि ते बरोबरच आहे. त्याचं अर्धायुष्य (निम्मा संपायला लागणारा काळ) 5730 वर्षं, कोळसा-तेल कोट्यवधी वर्षं जुनं, म्हणजे त्यात तो शिल्लकच नाही, त्यामुळे तो धूर मिसळला की हवेतला कार्बन-14 पातळ होतो, दुधात पाणी घातल्यासारखा. फक्त 1950-60 च्या अणुचाचण्यांनी मध्येच तो भरमसाठ वाढवून ठेवला, मग हिशेब जरा किचकट होतो.

मला स्वतःला पटलं ते ऑक्सिजनमुळे. काहीही जाळलं की ऑक्सिजन खर्च होतो, ज्वालामुखीनं सीओटू ओकला किंवा समुद्रातून बाहेर आला तर तसा होत नाही. मग बघायचं की ऑक्सिजन घटतोय का. बोलायला सोपं, पण हवेत तो दहा लाखात जवळपास 2,09,500 आणि वर्षाला घट साधारण 4, म्हणजे दोन लाखांच्या गल्ल्यात चार रुपये कमी आहेत हे शोधायचं! कीलिंगचाच मुलगा राल्फ, त्यानं पीएचडीत यासाठी उपकरण बनवलं, हवेतून जाताना प्रकाश किती वाकतो त्यावरून ऑक्सिजन ओळखायचा. 1989 पासूनच्या नोंदी आहेत आणि घट होतेच आहे. (घाबरू नका, या वेगानं हवेतला ऑक्सिजन जवळपास 21 टक्क्यांवरून 20 वर यायलाही अडीच हजार वर्षं लागतील.)

भारी भाग म्हणजे ही घट सगळं इंधन जाळल्यावर जेवढी व्हायला हवी त्यापेक्षा थोडी कमी भरते, कारण झाडं सीओटू घेऊन ऑक्सिजन परत देतात, समुद्र सीओटू गिळतो पण त्याबदल्यात काही देत नाही, त्यामुळे झाडांनी किती घेतला आणि समुद्रानं किती, हेही याच आकड्यातून सुटं करता येतं.

आपल्याकडे गोव्यात काबो द रामाला 1993 पासून काही वर्षं हवेच्या बाटल्या भरून ऑस्ट्रेलियात तपासायला जायच्या, पावसाळ्यात समुद्रावरची स्वच्छ हवा आणि हिवाळ्यात जमिनीवरची, फरक लगेच दिसायचा. सिंहगडावर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं मोजमाप केलंय. मीही एकदा हातातला सीओटू मीटर घेऊन गड चढलो, पिठलं-भाकरीच्या चुलीजवळ आकडा उडाला ते समजण्यासारखं होतं, पण लांब कड्यावर जाऊनही उडतच होता, नंतर कळलं की मी वाकून आकडा वाचत होतो आणि धापा टाकत होतो! आपल्या उच्छ्वासात चार टक्के सीओटू असतो राव, म्हणूनच बाटली भरणारे वाऱ्याकडे तोंड करून श्वास रोखून उभे राहतात.