देवीचा कौल घेतलात, आईचा घ्या

प्रिय बाये,

सर्जनला ‘आईसमोर बायपासचं काही बोलू नका’ असं सांगायची कामगिरी घरच्यांनी तुझ्या गळ्यात घातली, आणि तू मला विचारतेस की ते नम्रपणे कसं सांगायचं. मी तुला ते शब्द देणार नाही. सांगूच नकोस.

काकांनी देवळात गाऱ्हाणं घालून कौल घेतला, पाकळी उजवीकडून पडली, म्हणून घर निर्धास्त झालं, असं तूच लिहिलंयस. त्यात मला काही खटकत नाही. मीही कौल घेतल्याशिवाय घराचं मोठं काम काढत नाही. पण बघ, देवीला विचारलं, बेळगावच्या मामांना विचारलं, दुबईच्या दादाला व्हिडिओ कॉलवर बसवून विचारलं. जिची छाती उघडणार तिला तेवढं कुणी विचारलं नाही.

‘तिला टेन्शन नको’ म्हणे. अगं, अँजिओग्राफी माणूस जागा असतानाच होते. ती टेबलावर पडून सगळ्यांचे चेहरे बघत होती. घरी आल्यापासून ती खोलीत शिरली की तुमचे फोन बंद होतात. शेजारीण फणसाचे गरे घेऊन येते आणि डोळे पुसत जाते. तिला कळत नाहीये असं तुम्हाला खरंच वाटतं? काहीतरी मोठं आहे एवढं तिला कळलंय. नेमकं काय, ते कळलेलं नाही. रात्री जाग येते तेव्हा ती ती रिकामी जागा आपल्या मनाने भरते, आणि ते हृदयातल्या तीन ब्लॉकेजपेक्षा भयंकर असतं.

तुमची खरी भीती वेगळी आहे, ती तुझ्या पत्रात तळाला एका ओळीत सापडली. सांगितलं तर आई म्हणेल, ‘चवथ होऊ दे, मग बघू.’ म्हणेलच. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायची, नेवऱ्या तळायच्या, घरचा गणपती तिने आजवर कधी दुसऱ्यावर सोडलेला नाही. मग म्हणू दे ना! सर्जनच्या तोंडावर म्हणू दे. थांबण्यासारखं असेल तर तो तसं सांगेल, नसेल तर का नाही तेही सांगेल. त्याचं ती ऐकेल. तुमचं नाही ऐकणार, कारण तुम्ही तिच्याशी खोटं बोलताय हे तिला ठाऊक आहे.

आता जरा कामाचं ऐक. ‘छोटंसं ऑपरेशन’ म्हणून तिला आत पाठवलंत तर काय होईल ते तुझ्या काकांनाही वाचून दाखव. छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि नंतर तारेने बांधतात. नवा रस्ता करायला छातीच्या आतली एक धमनी आणि बहुतेक वेळा पायातली शीर वापरतात. म्हणजे शुद्धीवर येताना छातीला पट्टी, पायाला पट्टी, घशात श्वासाची नळी. नळी असेपर्यंत बोलता येत नाही. ती ओढू नये म्हणून कधी हातही बांधून ठेवतात. ज्याला हे आधी सांगितलंय तो माणूस घाबरला तरी मनात म्हणतो, ‘हां, सांगितलं होतं, काढतील.’ ज्याला सांगितलेलं नाही त्याने काय समजायचं? तुम्ही बाहेर बाकड्यावर असणार. आत ती एकटी.

आणि कामं तिलाच करायची आहेत. तीन चेंडूंचं ते श्वासाचं यंत्र तिलाच ओढायचंय, तेही ऑपरेशनच्या आधीपासून शिकून. खोकताना उशी छातीशी तिलाच धरायचीय. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या ऑपरेशनच्या काही दिवस आधी डॉक्टर थांबवतात. देवपूजा झाली की डबीतून गोळी काढून घेणारी तीच आहे ना? तिच्यापासून लपवून तिची गोळी कशी थांबवणार आहात? घरी आल्यावर हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर कळशी उचलायची नाही, हातावर जोर देऊन उठायचं नाही, खवणीवर बसून नारळ खवायचा नाही. छोटंसं ऑपरेशन झालेली बाई हे का ऐकेल? चौथ्या दिवशी पाणी भरायला जाईल.

काहींना आयसीयूत रात्री भ्रम होतो, भलतंच बोलतात. दोन-तीन दिवसांनी धडधड अनियमित होऊ शकते, त्यावर उपचार असतात. घरी आल्यावर कारण नसताना रडू येतं, जेवण नको होतं. हे होऊ शकतं, हेही तिला आधी सांग. नाहीतर तिला वाटेल आपल्याला वेड लागलं, आणि तुम्ही आणखी एक गोष्ट लपवायला लागाल.

माझ्या वडिलांबद्दल तू ऐकलं असशीलच. गावात अजून बोलतात. भावांनी ठरवलं होतं त्यांना बायपासचं सांगायचं नाही, मी सांगितलं. वडिलांनी ऐकून घेतलं, पानाला चुना लावला आणि म्हणाले, नको. गोळ्यांवर दोन-तीन पावसाळे काढले, कुळागरात, आपल्या पोफळीच्या बागेत, रोज फेरी मारली आणि गेले. थोरला भाऊ दर श्राद्धाला मला ऐकवतो, ‘तू तोंड उघडलं नसतंस तर...’ ऐकवू दे. न सांगता उचलून टेबलावर ठेवले असते आणि तिथेच गेले असते, तर त्याने काय ऐकवलं असतं? मला हळहळ आहे ती दुसरीच. सर्जन त्यांच्याशी एकदाही समोरासमोर बोलला नाही. भावांनी त्याला आधीच गप्प केलं होतं, जसं आता तुला करायला सांगतायत. वडिलांनी नको म्हटलं ते माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरकडून ऐकून. डॉक्टरकडून ऐकलं असतं तर कदाचित हो म्हणाले असते, कदाचित नसते. पण पूर्ण ऐकून म्हणाले असते. म्हणून मी आज एवढा हट्टाला पेटलोय, वय झालं म्हणून नव्हे.

कायद्याचंही सांगतो, काकांना कायदा आवडतो. शुद्धीत असलेल्या सज्ञान माणसाच्या ऑपरेशनला संमती त्याचीच लागते. भूल दिलेल्या मुलीच्या वतीने आईने दिलेली संमती चालत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केलं. त्या कागदावर आईची सही हवी, आणि काय लिहिलंय ते कळून हवी.

ऑपरेशन बांबोळीच्या सरकारी इस्पितळात की बेळगावला, यावर तू दोन पानं लिहिलीस. बायपास दोन्हीकडे होते. नंतर तपासणीला पुन्हापुन्हा जावं लागतं आणि पावसात बेळगावच्या वाटेवरचा चोर्ला घाट कसा असतो ते तुला माहीत आहे. एवढं पुरे. ठरवताना आईला बसवून ठरवा. लसूण-आल्याच्या काढ्याने ब्लॉकेज विरघळतात असे मेसेज मला पुन्हा पाठवू नकोस.

सांगायचं कसं? रात्री नको, सगळे जमलेले असताना नको. सकाळी पेज झाल्यावर तिच्याजवळ बस आणि आधी विचार, ‘तुला काय वाटतं, काय झालंय?’ मग गप्प राहा. ती जिथे थांबेल तिथून पुढे तू सांग. रडली तर रडू दे, तूही रड. ‘काही होणार नाही’ असं मात्र म्हणू नकोस, ते तुझ्या हातात नाही. तिने उलट म्हटलं की ‘मला सगळं नको सांगू, तूच बघ’, तर तेही मान. पण ते तिने म्हणायला हवं, काकांनी नव्हे.

ओपीडीत आत गेल्यावर टेबलाजवळची खुर्ची आईला दे, तू मागे उभी राहा. काका चिडले तर सरांनी सांगितलं म्हण, माझ्यावर चिडायची त्यांना शाळेपासून सवय आहे. आणि निघण्याआधी गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेच्या कार्डाची मुदत बघ. 2016 मध्ये योजना आली तेव्हा तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला 2.5 लाख आणि मोठ्या कुटुंबाला 4 लाखांपर्यंत मदत होती; आजचा आकडा आणि बायपासला किती मिळतात ते काउंटरवर विचारून घे. तो प्रश्नही आईच आधी विचारेल बघ, ‘पैसे किती लागतील?’ खरा आकडा सांग.

तुझे सर