सगळ्यांसमोर पडायची भीती

पावसाळ्यात कॉलेजं सुरू झाली, की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या मुलांच्या तोंडी एकच गाऱ्हाणं असतं. कुणाला नाटकाच्या ग्रुपमध्ये जायचं असतं, कुणाला गिटार शिकायची असते, कुणाला वादविवादात उतरायचं असतं. जालना, बीड, हिंगोलीकडून छत्रपती संभाजीनगरला शिकायला आलेली ही मुलं. म्हणतात, "मॅडम, तिथं सगळ्यांना येतंय. मी मध्येच जाऊन काय उभा राहू? हसतील." हे इतक्यांदा ऐकलंय, की एकाची गोष्ट सांगूनच टाकते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

निलंग्याकडचा मुलगा, एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला. विद्यापीठात ऐकिडोचा लहानसा क्लब चालतो, हे त्याला हॉस्टेलवर कळलं. ऐकिडो म्हणजे जपानच्या मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांनी घडवलेली युद्धकला. जोराला जोर लावायचा नाही. हल्ल्याच्या वाटेतून सरकायचं आणि समोरच्याचा गेलेला तोल वापरून त्याला खाली आणायचं. पोरानं व्हिडिओ पाहिलेले, ट्रॅकपँटही घेऊन ठेवलेली. हॉलच्या दारापर्यंत जायचा आणि परत यायचा. एकदाचा आत गेला, तास पुरा केला, आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही.

"काय झालं आत?"

"काही नाही मॅडम. चांगले हायेत लोक."

"मग?"

"मला नाही जमायलं."

अशा वेळी "अरे, तुझ्याकडे कुणी बघतच नसतं" असं सांगायची पद्धत आहे. मी सांगत नाही, कारण ते खरं नाही. लोक बघतात. ऐकिडोत तर बघावंच लागतं. फेकणाऱ्यानं पडणाऱ्याची मान, मनगट आणि मागची जागा बघितली नाही, तर दुखापत ठरलेली. नवख्यावर जरा जास्तच लक्ष असतं. माझ्यासमोर बसलेल्या मुलाला बघणाऱ्यांच्या डोळ्यांत काय दिसत होतं, ते मला हवं होतं.

मी बालपण उकरत बसणाऱ्यांतली नाही. पण काही गोष्टी न उकरताच वर येतात. त्याच्या घरी कुस्ती. थोरला भाऊ यात्रांमधून लढलेला. हा आठवीत असताना गावच्या यात्रेत रेवड्यांच्या कुस्तीला उतरला, हलगी वाजत होती, आणि हात मिळवताच समोरच्यानं चितपट केलं. त्यानंतर त्यानं लंगोट बांधला नाही. हे सगळं त्यानं दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं सांगितलं. मी पुन्हा त्या ऐकिडोच्या तासाकडे वळले.

"पहिल्या दिवशी काय शिकवलं?"

"पडायला." आवाज एकदम खाली. "पाठ टेकली मॅडम. सगळ्यांसमोर."

"कुणाची?"

"माझी."

"आणि जोडीदाराची?"

"त्याची बी. आळीपाळीनंच असतंय ते. चार वेळा तो पडणार, चार वेळा आपण."

"सीनियर मुलं?"

"ते तर जास्तच पडायलेत. सर डाव दाखवायला त्यांनाच बोलावतेत, आणि…"

तो थांबला. मी काही बोलले नाही. इतक्या वर्षांत एवढं शिकलेय, की अशा जागी समुपदेशकानं तोंड उघडलं तर फुकट जातं.

"म्हणजे ज्याला जास्त येतंय तोच जास्त पडायलाय," तो म्हणाला आणि मान हलवत हसला.

ज्या घरात पाठ टेकली की कुस्ती संपते, तिथला मुलगा अशा हॉलमध्ये गेला होता जिथं पाठ टेकली की पुढची पाळी सुरू होते. उएशिबांच्या परंपरेतल्या ऐकिडोत स्पर्धाच नाहीत. पडण्याला तिथं उकेमी म्हणतात आणि ते कौशल्य म्हणून शिकवतात. हे त्याला माहीत होतं, वाचलेलं होतं. पाठीला मात्र अजून गावची यात्राच आठवत होती.

पाठीला समजवायचं तर बोलून भागत नाही, हे माझं जुनं म्हणणं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेचा, म्हणजे 'हे मला जमेल' या विश्वासाचा, विचार मांडला, तेव्हा स्वतः करून जमल्याचा अनुभव त्यांनी सगळ्यांत भक्कम मानला. दुसऱ्याला बघणं आणि कुणी धीर देणं त्याच्यानंतर. सापाला भिणाऱ्यांना त्यांनी सोबत उभं राहून पायरीपायरीनं सापाजवळ नेलं होतं. आत्मविश्वास आला की जाईन, असं म्हणणारी मुलं दारातच म्हातारी होतात. मी त्याला सांगितलं, "महिनाभर फक्त पडायला जा. डाव आला नाही तरी चालेल."

गेला. बसल्या जागेवरून मागे लोळायचं, हनुवटी छातीशी, डोकं मॅटला लागू द्यायचं नाही. पुढे लोळताना एका खांद्यावरून तिरपं दुसऱ्या बाजूच्या कमरेकडे. एक दिवस येऊन खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, काल आवाज नाही आला पडताना!" मला त्याच्या एमएस्सीच्या निकालापेक्षा त्या वाक्याचा आनंद जास्त झाला. घरच्यांना हे कळवू नये.

तुम्हीही अशाच एखाद्या दारात घुटमळत असाल, तर आधी व्हिडिओ बंद करा. ब्लॅक बेल्टवाल्यांची प्रात्यक्षिकं बघून पाय अजून जड होतात. शिकवणाऱ्याला विचारून एक तास कडेला बसून बघा आणि तिथं नवख्याला कसं सांभाळतात तेवढंच टिपा. जोरात आपटून मजा घेत असतील, तर तो क्लब सोडा. त्याला भित्रेपणा म्हणत नाहीत. गुडघा, खांदा, मान यांचं जुनं दुखणं असेल, तर पहिल्याच दिवशी सांगा. अंगठी, कडं काढून ठेवा, नखं कापा, गणवेशाची घाई नको. नव्या बॅचसोबत गेलात तर आणखी चार नवखे भेटतात, पण बॅच हुकली म्हणून वर्षभर थांबू नका. आणि "मला हे आवडतं का" याचा निकाल पहिल्या आठवड्यात लावू नका. तेव्हा फक्त अंग दुखत असतं.

दिवाळीला तो गावी गेला. भावानं विचारलं, "किती जणांना चित केलास?" हा म्हणाला, "मीच पडतो जास्त." घरभर हशा. परत आल्यावर मला म्हणाला, क्लबमधल्या कुणाचंच आता काही वाटत नाही, पण भावाचं हसणं लागलं. त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे. क्लब मात्र त्यानं सोडलेला नाही.