दुय्यम प्रमाणपत्र देताना नंबर बदलू नकोस

भावा, आपण पोरांना दिलेल्या प्रमाणपत्राचा कागद नुसता हरवला किंवा भिजला असेल आणि ते दुसरी प्रत मागत असतील तर मूळ नंबर आणि मूळ तारीख तीच राहू दे. वर 'दुय्यम प्रत' आणि छपाईची तारीख तेवढी टाक. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ-करवीरकडच्या कित्येक घरांतली कागदपत्रं भिजली, तसली पोरं अजून येतील. त्यांना नवा नंबर दिलास की पडताळणीला कंपनीचा फोन आल्यावर एकाच पोराच्या दोन नोंदी दिसणार, आणि संशय आपल्यावर.

नावाची दुरुस्ती असली तर गोष्ट वेगळी. जुनं प्रमाणपत्र परत घे, नोंद 'रद्द' कर (डिलीट अजिबात मारू नकोस), मग नवा नंबर दे आणि शेऱ्यात जुना लिही. रद्द झालेला नंबर दुसऱ्या कुणाला चिकटवायचा नाही. क्रमात मधे भोक दिसलं तर दिसू दे, शेरा आहे की!

क्रमांक ०००४७ असा, पुढं शून्यं लावूनच ठेव. नाहीतर मजकूर म्हणून यादी लावताना १० हा २ च्या आधी येऊन बसतो. एक्सेलमध्ये नेताना तो रकाना आधी 'टेक्स्ट' कर, ते शून्यं गिळतं. नंबरात वर्षही घालणार असलास तर ते आर्थिक की कॅलेंडरचं, हे पहिल्या छपाईआधीच सरांकडून लिहून घे.