मानक असूनही समांतर प्रोग्राम अडतो कुठे?

प्रश्न : रत्नागिरीच्या किनाऱ्यालगत भरती-ओहोटीचे प्रवाह कसे वाहतात, याचे संगणकीय प्रारूप आम्ही महाविद्यालयात चालवतो. एमपीआय (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या प्रक्रियांनी एकमेकींना संदेश कसे पाठवावेत हे ठरवणारे) हे सर्वमान्य मानक असूनही आमच्या प्रयोगशाळेत कंपाइल केलेली, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणलेली, फाइल पुण्यातील एका महासंगणकावर चालली नाही. तेथे पुन्हा कंपाइल केल्यावर ती चालली, पण अधिक कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणन-घटक) देऊनही वेग घटला. असे का व्हावे?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : या दोन अडचणी वेगळ्या दिसल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. समांतर संगणनाच्या मानकांनी प्रोग्राम कसा लिहावा हे नेमकेपणाने ठरवले. तो चालत असताना त्याला आधार देणाऱ्या रनटाइमनी एकमेकांशी कसे वागावे, हे मात्र बहुतांशी ज्याच्या त्याच्यावर सोपवले.

१९९४ साली आलेल्या एमपीआयच्या पहिल्या आवृत्तीत फंक्शनांची नावे आणि त्यांचे अर्थ निश्चित झाले, पण कंपाइल झालेल्या फाइलमधील त्यांचे रूप निश्चित झाले नाही. त्यामुळे सी भाषेत कम्युनिकेटरसाठी, म्हणजे आपसांत संवाद साधणाऱ्या प्रक्रियांच्या गटासाठी, एमपिच ही एमपीआयची एक लायब्ररी पूर्णांक वापरते, तर ओपन एमपीआय ही दुसरी लायब्ररी पॉइंटर (मेमरीतील पत्ता). साहजिकच एकीसाठी बनवलेली फाइल दुसरीवर चालत नाही. हे रूप एमपीआय ५.० मध्ये, म्हणजे जून २०२५ मध्ये, प्रमाणित झाले. ते फार आधी व्हायला हवे होते असे मला वाटते. नवी आवृत्ती सर्वत्र पोहोचेपर्यंत, जेथे चालवायचे तेथेच कंपाइल करावे.

वेगाची अडचण अधिक खोल आहे. समजा, १६ कोअरच्या एका नोडवर (महासंगणकातील एका संगणकावर) तुम्ही १६ एमपीआय प्रक्रिया सुरू केल्या, आणि त्यांपैकी प्रत्येकीने वापरलेल्या गणिती लायब्ररीने सगळे कोअर आपलेच आहेत असे समजून १६ थ्रेड (प्रक्रियेच्या आत समांतर चालणारे कामाचे धागे) उघडले, तर त्या १६ कोअरवर २५६ थ्रेड दाटीवाटी करतात, एकमेकांचा कॅशमधील (कोअरजवळच्या जलद मेमरीतील) डेटा बाहेर ढकलतात आणि वाट पाहण्यातच वेळ घालवतात. एकाच होडीवर दोन तांडेल असावेत, तशी ही स्थिती आहे. प्रत्येक रनटाइम आपल्यापुरता बिनचूक असतो, पण दुसऱ्याच्या अस्तित्वाची त्याला दखलच नसते.

म्हणूनच सामायिक मानकाने सर्वप्रथम कोअरचा ताबा कोणाकडे आहे, तो कसा मागावा आणि कसा परत द्यावा, हे ठरवले पाहिजे. एमपीआय-२ ने १९९७ सालीच याचा एक चांगला नमुना घालून दिला : थ्रेडना एमपीआय किती मोकळेपणाने वापरता येईल याच्या चार पातळ्यांपैकी कोणती हवी ते प्रोग्रामने सांगायचे आणि प्रत्यक्षात कोणती मिळेल ते लायब्ररीने कळवायचे. कामांची अंतर्गत आखणी कशी करावी, हे मात्र मानकाने गोठवू नये. ओपनएमपी या थ्रेडसाठीच्या मानकात २००८ साली ‘टास्क’ (रनटाइमने थ्रेडना वाटून द्यायची स्वतंत्र कामे) आले, त्याआधी एमआयटीतील सिल्क या भाषेने तो मार्ग चालून दाखवला होता; अशा प्रयोगांना जागा राहिलीच पाहिजे.

तूर्त जॉब स्क्रिप्टमध्ये (महासंगणकाला काम सोपवणाऱ्या फाइलमध्ये) प्रत्येक प्रक्रियेचे थ्रेड १ वर आणून वेळ मोजा. गणिती लायब्ररीची थ्रेडसंख्या ठरवणारी वेगळी सोय असेल, तर तीही तपासा. एवढ्याने वेग सुधारला नाही, तर तुमच्या प्रारूपातील गणनबिंदूंचे जाळे प्रक्रियांच्या संख्येच्या मानाने लहान असण्याची शक्यता आहे. अशा वेळी गणितापेक्षा प्रत्येक प्रक्रियेच्या वाट्याला आलेल्या भागाच्या सीमेवरील मूल्यांच्या देवाणघेवाणीलाच अधिक वेळ लागतो आणि प्रक्रिया कमी करणे हाच उपाय ठरतो.