आमच्यात सगळेच बुटके आहेत, मग बाळाच्या खाण्यानं उंचीत काय फरक पडणार?

पडतो ताई, आणि भरपूर पडतो. तुमची मुलगी 14 महिन्यांची आणि लांबी 70 सेंमी लिहिलीय तुम्ही, या वयाच्या मुलीची 71 च्या खाली असली की तिची वाढ खुंटलेली धरतात. पण आधी परत मोजून घ्या, 2 वर्षांच्या आतलं लेकरू झोपवूनच मोजायचं असतं, उभं करून नाही.

मी जत तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे, "आमच्यात सगळे बुटकेच" हे घरोघरी ऐकते. आईबापाच्या उंचीचा वाटा असतो, नाही असं नाही, पण आमच्याकडचा जो वाढीचा तक्ता आहे ना, त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, घाना, नॉर्वे, ओमान अशा 6 देशांतली नीट खाऊपिऊ घातलेली मुलं मोजली होती आणि लहानपणी ती जवळपास सारखीच वाढली. महाराष्ट्रात 2019-21 च्या सर्वेक्षणात 5 वर्षांखालची साधारण 35 टक्के मुलं खुंटलेली निघाली, एवढ्या सगळ्यांचं खानदान बुटकं कसं असेल?

पहिले 6 महिने फक्त अंगावरचं दूध, मध नाही घुटी नाही पाणीसुद्धा नाही, हे आता बऱ्याच जणींना माहीत आहे. घोळ होतो तो उष्टावणानंतर. वरणाचं पाणी, भाताची पेज, चहात बुडवलेलं बिस्किट, पोट टम्म भरतं पण त्यात प्रोटीन नाही, लोह नाही, आणि पोट भरलंय म्हणून बाळ दुसरं काही घेत नाही. बाळ अंगानं गुटगुटीत दिसतं त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. वरण द्या, पण खालचं घट्ट, भातात कुस्करून वर चमचाभर तूप, शेंगदाण्याचा बारीक कूट, रोज अंडं जमलं तर फारच छान, भाजी, दही. दिवसातून 3-4 वेळा जेवण, मध्ये एखादं फळ, आणि अंगावर पाजणं 2 वर्षांपर्यंत चालू ठेवाच.

अजून एक, बाटली बंद करा. ती नीट धुतली जात नाही, त्यातून जुलाब होतात आणि सारखे जुलाब झाले की खाल्लेलं अंगी लागत नाही. जुलाब लागले तर ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या, त्या जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण द्यायच्या, आणि जेवण अजिबात तोडायचं नाही. लांबी खरंच 71 च्या खाली भरली तर थांबू नका, कार्ड घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून या.