न्यायालयाची परवानगी न घेता सरकार आपला फोन टॅप करू शकतं का?

हो, करू शकतं. आपल्याकडे त्यासाठी न्यायाधीशाची सही लागतच नाही. केंद्रात किंवा राज्यात गृहसचिवांचा लेखी आदेश पुरतो. असा आदेश 60 दिवस चालतो, वाढवत 180 दिवसांपर्यंत नेता येतो. कारण मात्र सार्वजनिक सुरक्षितता किंवा आणीबाणीची परिस्थिती असंच हवं. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने हे बजावलंय.

2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाच्या लाचप्रकरणातले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. लाचेच्या तपासात सार्वजनिक सुरक्षितता कुठून आली, हाच मुद्दा होता.

खरी गोम पुढे आहे. हे आदेश तपासते ती आढावा समितीही सचिवांचीच. डेटा संरक्षण कायद्यासाठी नेमलेल्या न्या. श्रीकृष्ण समितीने 2018 च्या अहवालात नोंदवलंय की ही आढावा समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि एका बैठकीत 15 ते 18 हजार आदेश तिच्यापुढे असतात. एकेक कागद वाचून होणार तरी कसा? देशाच्या सुरक्षेसाठी टॅपिंग लागतं, हे मलाही मान्य आहे. पण सही न्यायाधीशाचीच हवी.